होमी भाभा आणि पाचूच्या दगडातला जहरी धातू

नवी मुंबई : वाशीच्या बाजार समितीत कांदा, भाजी, आंबा घेऊन आपल्या भागातले शेतकरी वर्षानुवर्षं जातात. त्याच वाशीत सेक्टर २० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक परिसर आहे. बाहेरून बघितलं तर भिंत, गेट आणि झाडं. आत मात्र एका अशा धातूवर काम चालतं, की जो लोखंडापेक्षा चारपट हलका, उपग्रहात बसवण्याइतका मजबूत, आणि त्याची धूळ नाकातून आत गेली तर माणसाची छाती कायमची निकामी करणारा. त्याचं नाव बेरिलियम.

खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी अणुसंशोधन केंद्र उभं करणारे डॉ. होमी जहांगीर भाभा यांचं नाव शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. पण त्यांच्या आयुष्यात हा धातू पहिल्यापासून कसा येत गेला आणि जहरी वस्तू हाताळायची कशी, याचा कोणता धडा ते मागे ठेवून गेले, हे फारसं सांगितलं जात नाही. घरातल्या लहान पोरांना बसवून सांगावी अशी ही गोष्ट आहे.

आधी धातूची ओळख

पाचू सगळ्यांनी ऐकलेला असतो. हिरवागार, अंगठीत घालतात तो. पाचू हा बेरिल नावाच्या खनिजाचाच एक प्रकार. साधं बेरिल मात्र फिकट हिरवं, पिवळसर नाहीतर पांढुरकं असतं, आणि खाणीत अभ्रकाच्या संगतीने सापडतं. राजस्थान, झारखंड आणि आंध्रातल्या नेल्लोरच्या पट्ट्यात ते मिळतं. बेरिल हा शब्दसुद्धा मूळचा आपल्याकडचाच, प्राकृतातून ग्रीक भाषेत गेलेला, असं भाषेचे जाणकार मानतात.

१७९८ मध्ये वोक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या दगडात एक नवीन मूलद्रव्य असल्याचं शोधून काढलं. त्या काळी शास्त्रज्ञ पदार्थ चाखून बघायचे. या मूलद्रव्याचे क्षार जिभेला गोड लागले. म्हणून फ्रान्समध्ये त्याला बरीच वर्षं ग्लुसिनियम म्हणत होते, म्हणजे गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं नाव. हे गोड म्हणजे जहर आहे, हे कळायला पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ गेला. धातू वेगळा करून हाती लागला १८२८ मध्ये.

पोरांना वजनावरून सांगितलं तर लगेच कळतं. एक लिटरच्या डब्यात मावेल एवढ्या लोखंडाचं वजन जवळपास ८ किलो भरतं. तेवढंच ॲल्युमिनियम २ किलो ७०० ग्रॅम, आणि तेवढंच बेरिलियम १ किलो ८५० ग्रॅम. असं हलकं असूनही ते पोलादापेक्षा ताठ, म्हणजे सहज वाकत नाही. वितळायला जवळपास १,२८७ अंश सेल्सिअस तापमान लागतं. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. बेरिलियम किरणोत्सारी नाही. त्याचा धोका किरणांचा नाही, धुळीचा आहे.

मुंबईतलं बालपण

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या एका सधन पारशी घरातला. वडील जहांगीर भाभा वकील. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकं भरपूर, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या भरपूर, चित्रांची आवड. कॅथेड्रल शाळेत शिक्षण झालं, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि विज्ञान संस्था.

घरच्यांनी ठरवलं होतं की पोराने इंग्लंडला जाऊन इंजिनिअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात कामाला लागायचं. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. पण मन रमलं गणितात आणि भौतिकशास्त्रात. वडिलांना त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं की धंदा, नोकरी हा आपला पिंड नाही. वडीलही समजूतदार. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च करतो, अशी अट त्यांनी घातली. पोराने १९३० मध्ये ती पुरी केली आणि आपली वाट धरली.

१९३२ : एका छोट्या धातूने अणूचं दार उघडलं

केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा तेव्हा जगात अव्वल होती. तरुण होमी तिथे आले त्याच काळात, १९३२ मध्ये, जेम्स चॅडविक यांनी एक प्रयोग केला. पोलोनियम या किरणोत्सारी धातूतून निघणारे कण त्यांनी बेरिलियमच्या तुकड्यावर आदळवले. बेरिलियममधून काहीतरी बाहेर पडत होतं, पण ते दिसत नव्हतं आणि त्याच्यावर विजेचा भारही नव्हता. ते समोरच्या मेणावर आदळलं की मेणातून हायड्रोजनचे कण उडायचे.

कॅरम खेळणाऱ्या पोराला हे चटकन कळेल. स्ट्रायकर दिसत नाही, पण सोंगट्या उडतात. म्हणजे काहीतरी येऊन आदळतंय हे नक्की. तो न दिसणारा स्ट्रायकर म्हणजे न्यूट्रॉन. त्याच्यावर विजेचा भार नसल्यामुळे तो थेट अणूच्या गाभ्यात घुसू शकतो. पुढे अणुभट्टी आणि अणुबॉम्ब, दोन्ही याच न्यूट्रॉनच्या जोरावर झाले.

तेव्हा भाभांचं वय होतं २२. ज्या छताखाली हा शोध लागला, तिथेच ते शिकत होते. पुढे त्यांनी स्वतःचं काम केलं ते आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर कसे आदळतात, याचं त्यांनी मांडलेलं गणित आजही भाभा विकिरण याच नावाने जगभर शिकवलं जातं. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या सरीचा सिद्धांत मांडला.

सुट्टीला आले ते राहिलेच

१९३९ मध्ये ते सुट्टीला मायदेशी आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे ते रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. युद्ध संपल्यावर परदेशात मोठ्या पगाराची जागा सहज मिळाली असती. पण आपल्याकडेच एक उत्तम संस्था उभी राहिली तर पोरांना बाहेर जायची वेळ येणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या विश्वस्त निधीला पत्र लिहिलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, आधी बंगळुरूला आणि त्याच वर्षी मुंबईत.

दगडाला कुलूप

१९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले. त्यानंतर सगळ्या जगाची नजर काही ठराविक खनिजांकडे वळली. युरेनियम, केरळच्या वाळूतलं थोरियम, आणि आपलं बेरिल. आपल्या खाणींतून बेरिल परदेशात जात होतं. अभ्रकाच्या खाणीत राबणाऱ्या मजुराला तो एक जड, फिकट हिरवा खडा होता. विकत घेणाऱ्या देशांना मात्र त्याची किंमत पक्की माहीत होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ मध्ये अणुऊर्जेचा कायदा झाला, अणुऊर्जा आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्ष झाले डॉ. भाभा. अणुकामाची खनिजं सरकारच्या ताब्यात आली. परस्पर विकून मोकळं होण्याचे दिवस संपले. पुढे १९६२ च्या कायद्यातही युरेनियम, प्लुटोनियम, थोरियम यांच्या रांगेत बेरिलियमचं नाव घातलं गेलं.

आपल्याकडे कच्चा माल आहे, मग नुसता माल विकण्यापेक्षा त्याच्या बदल्यात ज्ञान घ्यावं, ही भाभांची चाल होती. १९५१ मध्ये भारत आणि फ्रान्स यांच्यात करार झाला. बेरिलियम वापरून अणुभट्टी करता येईल का, यावर दोघांनी मिळून संशोधन करायचं ठरलं. तशी भट्टी पुढे उभी राहिली नाही. पण कापूस विकून कापड विकत घेणाऱ्या देशाने सूत कातायला शिकायचं ठरवावं, तसं ते पाऊल होतं.

ट्रॉम्बे आणि अप्सरा

१९५४ मध्ये ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्राची स्थापना झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली पहिली अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ही पहिलीच. इंधन ब्रिटनचं, पण भट्टी आपल्या माणसांनी बांधलेली. पाण्याच्या हौदात ठेवलेल्या त्या भट्टीतून निळसर प्रकाश दिसायचा. पंडित नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिलं.

भट्टीत बेरिलियमचं काम काय, हे शेतकऱ्याला बांधाच्या उदाहरणाने कळतं. खाचरात पाणी सोडलं आणि बांध फुटका असला तर पाणी वाहून जातं. भट्टीतही न्यूट्रॉन बाहेर निसटले तर वाया जातात. बेरिलियम आणि त्याची भस्मासारखी पूड, म्हणजे बेरिलियम ऑक्साइड, हे बांधासारखं काम करतं. निसटणारे न्यूट्रॉन परत आत ढकलतं. जुनी अप्सरा २००९ मध्ये बंद झाली. तिच्या जागी १० सप्टेंबर २०१८ ला नवी अप्सरा सुरू झाली, तिच्या भोवती बेरिलियम ऑक्साइडचाच बांध आहे. तमिळनाडूत कल्पक्कमला कामिनी नावाची छोटी भट्टी आहे, तिलाही तोच बांध. त्या भट्टीचं इंधन थोरियमपासून तयार केलेलं आहे. थोरियमवर एक दिवस देशाची वीज चालावी, हे भाभांचं स्वप्न होतं.

धुळीने शिकवलेला धडा

ज्या काळात भाभा संस्था उभारत होते, त्याच काळात अमेरिकेत बेरिलियमचं दुसरं रूप बाहेर आलं. तिथे ट्यूबलाइटच्या आतल्या पांढऱ्या लेपात बेरिलियम वापरत. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अशा कारखान्यातल्या तरुण कामगार मुलींना धाप लागायला लागली, खोकला थांबेना, वजन उतरलं. वरून बघितलं तर टीबीच वाटायचा. ओहायो राज्यातल्या एका कारखान्याच्या आसपास राहणारे लोकही आजारी पडले. काही बायका तर कारखान्यात कधी गेल्याच नव्हत्या. त्या फक्त घरातल्या कामगाराचे धुळीचे कपडे झटकून धूत होत्या.

न्यूट्रॉनच्या कामासाठी बेरिलियमची पूड हाताळणारे हर्बर्ट अँडरसन हे मोठे अमेरिकन शास्त्रज्ञ. जगातली पहिली अणुभट्टी उभारणाऱ्या चमूतले. त्यांनाही हाच फुफ्फुसाचा आजार जडला आणि १९८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने त्यांची पाठ सोडली नाही.

होतं असं, की बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाऊन बसते. ज्यांच्या शरीराला ती सोसत नाही, त्यांचं शरीर तिच्याशी झुंजत राहतं. त्या झुंजीत फुफ्फुसात गाठी होतात, मऊ भाग कडक होत जातो आणि श्वास पुरेनासा होतो. हे लगेच कळत नाही. धूळ आज, धाप दहा-वीस वर्षांनी. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. या धुळीने फुफ्फुसाचा कॅन्सरही होतो.

१९४९ मध्ये ट्यूबलाइटमधून बेरिलियम हद्दपार झालं. अमेरिकेत कामाच्या जागी हवेत किती धूळ चालेल याची मर्यादाही ठरली. एक मीटर लांब, रुंद आणि उंच पेटीतल्या हवेत फक्त २ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम साखरेचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन भाग. २०१७ च्या नियमाने ती मर्यादा आणखी खाली आणून ०.२ मायक्रोग्रॅम केली.

भाभांच्या मोठेपणाची एक बाजू इथे दिसते. नवा देश, पैसा कमी, घाई मोठी. अशा वेळी कामगाराच्या जिवाकडे दुर्लक्ष करणं सोपं असतं. पण ट्रॉम्बेत किरणांपासून माणसं जपण्यासाठी वेगळा विभाग सुरुवातीपासून उभा केला गेला. ए. के. गांगुली यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तो सांभाळला. १९६० मध्ये भाभांनी लेखी आदेशच काढला. किरणोत्सारी वस्तू अशा हाताळायच्या की आतल्या कामगाराला किंवा बाहेरच्या कुणालाही इजा होता कामा नये, आणि ते काम इतकं चोख व्हावं की देशातल्या इतर संस्थांना त्याचा कित्ता गिरवायला सांगता यावा, असा त्याचा मथितार्थ होता.

आदेश किरणोत्सारी वस्तूंबद्दल होता. पण जहरी धुळीलाही तोच नियम लागू पडतो. बेरिलियमचं काम म्हणूनच बंदिस्त जागेत, हवा ओढून गाळून आणि सतत मोजमाप करत करायचं असतं.

हिमशिखरावरचा शेवट

जानेवारी १९६६. ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचं निधन होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. डॉ. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले. २४ जानेवारीला सकाळी एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभांचं वय अवघं ५६. लग्न केलेलं नव्हतं. मागे राहिल्या त्या संस्था, त्यांनी काढलेली चित्रं आणि संस्थांच्या आवारात जिवापाड जपलेली झाडं. १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं.

खाडीच्या या बाजूला वाशीत बेरिलियमचा प्रकल्प उभा राहिला तो त्यांच्या पश्चात, पुढच्या पिढीच्या हातून. बेरिलपासून शुद्ध धातू करण्याचं तंत्र आपल्या लोकांनी बसवलं आणि अवकाश संस्थेला लागणारे हलके, न वाकणारे भाग घडवायची सोय झाली. २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसाही बेरिलियमच्या १८ तुकड्यांचा आहे, वरून सोन्याचा मुलामा दिलेला. पाचूच्या दगडातला धातू आज ताऱ्यांचे फोटो काढतोय, असं पोरांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकतील.

पोरांना काय सांगायचं

गावात शुद्ध बेरिलियम कुणाच्या हाती लागण्याची शक्यता फार कमी. तांब्यात मिसळलेलं मात्र जुन्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानातल्या छोट्या स्प्रिंगांत, जोडपट्ट्यांत असू शकतं. अखंड तुकडा हातात धरल्याने काही होत नाही. तो घासला, कापला, जाळला की धोका सुरू होतो. जुन्या बॅटरीतलं शिसं आणि फुटलेल्या ट्यूबलाइटमधला पारा हे तर घराघरांतले धोके आहेत.

२०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट असलेलं एक जुनं यंत्र भंगार म्हणून आलं आणि फोडलं गेलं. एका कामगाराचा जीव गेला, बाकीचे आजारी पडले. वस्तू काय आहे, हे फोडणाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून लहान पोरांना चारच गोष्टी पक्क्या करायच्या. अनोळखी धातू, खडा किंवा पूड तोंडात घालायची नाही, गोड लागली तरी नाही. चकाकतं म्हणून घासायचं, फोडायचं नाही. तांबं काढायला वायरी आणि सर्किटच्या पट्ट्या जाळायच्या नाहीत, आणि कुणी जाळत असेल तर धुरात उभं राहायचं नाही. धुळीच्या कामावरून आलेल्या बाबांचे कपडे घरात झटकायचे नाहीत, बाहेरच पाण्यात भिजवायचे.

भीती घालून पोरं शिकत नाहीत, लपूनछपून करून बघतात. नाव सांगून, उपयोग सांगून, धोका सांगून ती शिकतात. होमी भाभांनी देशाला हेच शिकवलं. जहरी धातूपासून पळून गेले असते तर वाशीत काहीच उभं राहिलं नसतं, आणि त्याच्याशी खेळ केला असता तर कामगारांच्या छात्या गेल्या असत्या. पुढच्या वेळी खाडीपूल ओलांडताना पोर सोबत असेल, तर डाव्या हाताचा तो डोंगर त्याला जरूर दाखवावा.